मामाचा शेवटचा मासा

तुवूम्बा, ४ मे

प्रिय आल्डोमामा,

सा. न. वि. वि. आणि आईकडून एक चिमटा.

नाही नाही, झाकण उघडं नव्हतं! ते आधी डोक्यातून काढ. जाळी चारी बाजूंनी पक्की होती. फक्त खाऊ टाकायची नळी आत जाते ना, तिथे बोटभर फट होती. बोटभर! आणि आपला मेयर तेवढ्यातून बाहेर उडाला. आख्ख्या टाकीत एवढं पाणी, एवढे प्रवाळ, तीन बायका, आणि या गाढव माशाला नेमकी तीच फट सापडली. सोफ्यामागे आईच्या व्हॅक्युमला तो लागला. आई किंचाळली, बाबा धावत आले, मी जी रडायला लागले ती जेवेपर्यंत. बाबांनी लिंबाच्या झाडाखाली खड्डा खणला आणि टोपी काढून उभे राहिले, तेव्हा मात्र हसू आलं.

तू दिलेल्यातला एकमेव नर होता रे तो. आता टाकीत तिघी बायकाच: लॅमिंग्टन, डॅम्पर आणि पिकलेट. छान आहेत, पण फेअरी रॅस मासे म्हणजे बघायचा तो नरच, नाही का? सगळे पंख ताठ करून तो बायकांसमोर मिरवायचा तेव्हा मी गृहपाठ सोडून बघत बसायचे. दुकानवाला म्हणतो, नर कधी येईल सांगता येत नाही. त्यात लॅमिंग्टन दादागिरी करायला लागली आहे. खाऊ पडला की आधी दोघींना हाकलते, मग स्वतः खाते. हिला काय झालंय?

फोन केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मग तू माझ्यावरच ओरडतोस.

लवकर लिही. माझ्यावरचा लोभ तसाच ठेव, मी फट बुजवली आहे.

तुझी,
मारिसा

*

केर्न्स, १२ मे

चि. मारिसा हिस अ. उ. आ.

बोटभर फट म्हणजे रॅससाठी दरवाजा. एवढी वर्षं मामाचं ऐकून हे शिकलीस होय? बाबांना सांग, टोपी काढायचीच होती तर त्याच्या आधीच्या त्या खेकड्यासाठी काढायची. तो जास्त गुणी होता.

बरं, बातमी ऐक. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी हात टेकले. महिनाअखेरीला माझं डायव्हिंगचं सर्टिफिकेट संपतंय आणि नवीन मिळणार नाही. डावा कान गेला तो गेलाच, आता उजवा तरी सांभाळा म्हणतात. तुझ्या आईला हे कळलं की ती लगेच म्हणेल, ये आमच्याकडे राहायला. तिला माझ्या वतीने सांग, जिथे समुद्र दिसायला तीन तास गाडी हाणावी लागते त्या ढगातल्या गावात मी मरायलाही येणार नाही.

पण अजून एक फेरी आहे हातात. डॉरीनची बोट उद्या निघते. हिच्यासारखी कप्तान आख्ख्या किनाऱ्यावर नाही, आणि मला शेवटचं कुठे न्यायचं हे मी तिला सांगून ठेवलंय. मी तुला नर आणून देतो. दुकानातला नाही, माझ्या हाताने धरलेला. आयुष्यात मी किती मासे पकडले देव जाणे, सगळे कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांच्या दिवाणखान्यात गेले. शेवटचा तरी घरी जाऊ दे.

दुकानवाल्याच्या नादी लागू नकोस. जाळी बघ. अभ्यास कर. माया आहेच, ती काही फटीतून उडून जात नाही.

तुझा,
आल्डोमामा

*

तुवूम्बा, २६ मे

प्रिय मामा,

सा. न. वि. वि.

तू बोटीवर आहेस, हे पत्र तुझ्या पत्रपेटीत पडून राहणार, तरी लिहितेय, कारण नाही लिहिलं तर मी फुटेन!

लॅमिंग्टन नर होतेय!!

खरंच! आधी मला वाटलं दिव्याचा रंग. मग वाटलं आजारी आहे. आईला तर हे मासे रात्री झोपताना अंगाभोवती करतात ते चिकट पातळ कवच सकाळी तरंगताना दिसलं तरी वाटतं काहीतरी रोग आलाय, म्हणून तिचं मी धरत नाही. पण काल बाबाही म्हणाले, अगं, ही हिरवी कधी झाली? डोकं हिरवं, पाठीवर जांभळट काळं, पोटाखाली पिवळं फुटतंय. आणि आज दुपारी तिने, म्हणजे त्याने, आता काय म्हणायचं? सगळे पंख ताठ केले आणि डॅम्परसमोर असा थरथरत गेला की मी खुर्चीवरून पडले. शब्दशः पडले. कोपर सोललंय.

मी वाचलं होतं की नर गेला की सगळ्यात थोराड मादी त्याची जागा घेते. पण वाचणं वेगळं. हिला मी आली तेव्हापासून बघतेय, अंगठ्याएवढी होती!

आता रड अशी आहे की तू खाली पाण्यात माझ्यासाठी नर शोधत असशील. एवढ्या टाकीत दोन नर म्हणजे एकाचा जीव जाणार, नाहीतर तोही उडी मारणार. बाबा म्हणतात, मामाला काही बोलू नकोस, मासा येऊ दे, मग बघू. आई म्हणते, त्याला खोटं सांगशील तर तो वासावरून ओळखेल. पण तुझा शेवटचा मासा आहे रे तो. तो नको, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

बोटीवरून उतरलास की आधी हे वाच. आधी हे, मग आंघोळ.

तुझीच,
मारिसा

*

केर्न्स, धक्क्यावरून, ३ जून

चि. मारिसा,

अनेक आशीर्वाद, खारट हाताचे.

घरी अजून गेलोच नाही. आधी विमानाच्या मालाच्या खिडकीत तुझं पार्सल दिलं, आता बाकड्यावर बसून लिहितोय. डॉरीन शेजारी खिम्याचा पॅटिस खाते आहे आणि म्हणते आहे, अक्षर जरा पोरीला लागेल असं काढ.

मिळाला! तुला काय सांगू. शेवटच्या दिवशी, हवेच्या शेवटच्या बाटलीवर. तुटक्या प्रवाळांचा उतार, वर दहाबारा माद्यांचा थवा, आणि मधोमध हा. मेयर याच्यापुढे कारकून होता. आडवी जाळी लावली, हाताने हळूहळू हाकलला, आत आल्यावर एक पंखही न दुखवता उचलला. मग थांबत थांबत वर आणला, त्याच्यासाठी आणि माझ्या कानासाठीही. वर आलो तेव्हा डॉरीनने भोंगा वाजवला. म्हातारी मूर्ख आहे. मला जेमतेम ऐकू आला.

बाबा ब्रिस्बेनला घ्यायला येतील असं बघ. आल्यावर थेट टाकीत सोडू नकोस. भोकं पाडलेली ती पारदर्शक पेटी आहे ना तुझ्याकडे, तिच्यात घालून टाकीतच आठवडाभर टांगून ठेव, बायकांना बघू दे, मग सोड.

आयुष्यात एवढा खूश क्वचितच झालोय. तुझी माझ्यावरची माया वाढली नाही तर मासा परत मागेन.

आल्डोमामा

*

तुवूम्बा, ११ जून

प्रिय मामा,

सा. न. वि. वि.

आतापर्यंत तू माझं आधीचं पत्र वाचलं असशील. रागावलास का? उत्तर नाही म्हणून विचारतेय.

तुझा मासा पोचला. मामा, तो इतका सुंदर आहे की बाबा गाडीत सिग्नलला थांबून पिशवी बघत होते आणि मागच्याने हॉर्न मारला. पेटीत टांगलाय. खातोय, पहिल्याच दिवशी कोळंबी खाल्ली.

आणि लॅमिंग्टनने जे केलं! पेटी पाण्यात जाते न जाते तोच ते समोर हजर. एक आत, एक बाहेर, मधे पातळ भिंत. दोघांचे पंख ताठ, दोघं असे चमकायला लागले की जणू कोणी आतून दिवा लावलाय. आई पास्ता लाटायचा फळा हातात घेऊन तशीच उभी राहिली. म्हणाली, आल्डोने हे बघायला हवं होतं.

पण भिंत काढली तर? लॅमिंग्टन डोकं आपटतंय पेटीवर. त्याला बाहेर काढायचं तर सगळे दगड उपसावे लागतील, प्रवाळ तुटतील. आणि खरं सांगू? मला त्याला काढायचंच नाही. त्याने ही जागा स्वतः मिळवली आहे. मग तुझा जाणार कुठे? दुकानवाला आनंदाने घेईल. त्याने हे विचारलं तेव्हा मी त्याच्याशी भांडून आले.

पेटीत तो फार दिवस राहू शकत नाही. तू धरलेला शेवटचा मासा, आणि माझ्याकडे त्याला जागा नाही. शिव्या दे, पण लिही.

तुझी,
मारिसा

*

केर्न्स, १८ जून

चि. मारिसा,

अ. उ. आ.

रागावलो होतो. खोटं कशाला बोलू. तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस दार लावून बसलो. डॉरीन सूप घेऊन आली तर तिलाही दारातून परत पाठवलं. मी म्हटलं, संपलं, शेवटचा मासासुद्धा नकोसा झाला.

डॉरीन ऐकते कुठे. दुसऱ्या दिवशी सूप घेऊन पुन्हा आली, तुझं पत्र माझ्या टेबलावरून उचललं आणि वाचून एवढी हसली की चष्मा पडला. म्हणाली, आल्डो, लेका, हे तू कधी पाहिलंयस का? मी म्हटलं, काय? म्हणाली, मादीचा नर होताना.

आणि बये, तिथेच पकडलं तिने मला. कारण नाही पाहिलं. जन्मभर मी खाली गेलो, थव्यातला सगळ्यात देखणा नर उचलला आणि वर आलो. मागे काय होतं ते सगळ्यांना तोंडपाठ सांगायचो, पण बघायला थांबलो कधी? बाटलीत हवा नसायची, बोट निघायची. ज्या कोपऱ्यातून मासा घेतला तिकडे वर्षभर परत जायचं नाही हा माझाच नियम. तोपर्यंत तिथे नवा नर मिरवत असायचा, आणि तो कुठून आला हे विचारायला वेळ कुणाला होता?

आणि तू तिथे डोंगरावर, खुर्चीवरून पडून, ते बघितलंस. कार्टे, मला तुझा हेवा वाटतोय.

लॅमिंग्टनला हात लावू नकोस. दगड उपसू नकोस. दुकानवाल्याशी अजून एकदा भांड, माझ्याकडून. माझ्या माशाचं काय करायचं ते तू ठरव. तुझ्यावर सोडलं.

मी येतोय. लॅमिंग्टनचा रंग पूर्ण भरायच्या आत मला ते डोळ्यांनी बघायचंय. तुझ्या आईला, फ्लावियाला, सांग, घरी सलामीचे सॉसेज भरायच्या वेळेला पोचतो, आणि फक्त महिनाभरासाठी. महिनाभर! तिने उगाच उशा विकत आणू नयेत.

तुझा, हेवा करणारा,
आल्डोमामा

*

तुवूम्बा, २४ जून

प्रिय मामा,

सा. न. वि. वि. आणि या वेळी चिमटा नाही, आई नुसती नाचतेय. उशा आणल्या तिने. मी थांबवायचा प्रयत्न केला.

तुझ्या माशाचं ठरलं! बाबांनी गॅरेजमधल्या लाकडाचं स्टँड केलं, आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी त्यांची जुनी टाकी दिली, आणि मी मोठ्या टाकीतलेच दगड आणि पाणी घातलं, त्यामुळे ती नवखी राहिली नाही. काल त्याला पेटीतून सोडलं. नर एकटा ठेवला की फिका पडतो म्हणून पिकलेटलाही दिलं सोबत. ती लॅमिंग्टनला कंटाळलीच होती. मामा, तो तिच्याभोवती असा फिरला ना! जाळी मी तीनदा तपासली, नळीलासुद्धा फट नाही.

फक्त एक आहे. हॉलमध्ये दुसऱ्या टाकीला जागाच नव्हती, म्हणून ती तुझ्या खोलीत आहे, पलंगासमोर. पडल्या पडल्या दिसते. पंप रात्रभर घुरघुरतो, पण तू चांगला कान उशीत खुपसून झोपलास तर तुला काय कळणार आहे. अडचण अशी की भरलेली टाकी आता जागची हलत नाही. आणि मला सकाळी शाळा असते, आईबाबांना यातलं काही कळत नाही, त्यामुळे त्या दोघांना बघायला खोलीत कुणीतरी कायमचं लागेल. महिनाभराने भागणार नाही.

बघ बाबा. तुझा मासा, तुझी खोली. तुला काय वाटतं?

तुझी,
मारिसा