पगडी लेकीच्या डोक्यावर

प्रिय आत्या,

उद्या दसरा. तू गेल्यावरचा पहिलाच. शस्त्रं घासून ओसरीत मांडलीत, आणि "मूठ नीट पूस वं!" म्हणून ओरडणारं कोणी नाही. घर फार गप्प वाटलं, म्हणून तुझ्याशीच बोलायला बसले.

आपल्या गोंड घराण्याचं राज्य कधीचंच गेलं. उरली दसऱ्याची पगडी आणि गावदेवाच्या पूजेचा पहिला मान. पण तेवढ्यासाठी चिचगडच्या रानातली किती गावं जमतात! आजोबांची थोरली तू. पगडी मात्र धाकट्या भावाला, माझ्या बाबांना मिळाली. तुला कोणी विचारलंसुद्धा नाही.

बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. त्यांची एकुलती. पंच अंगणात बसले आणि त्यांनी तोडगा काढला: तुझ्या मुलाला, यशवंतदादाला, घराण्यात दत्तक घ्यायचं, पगडी त्याला बांधायची. दादा नवे कपडे घालून आला होता. नवेगाव बांधहून तुझ्या सासरची माणसं जीप भरून आली होती. सगळ्यांना वाटलं, तुझं नशीब उघडलं!

तू उठलीस. "माह्या पोराचा हक नाही. हक हिचा हाय."

"बाईच्या डोक्यावर पगडी कशी बांधाची?" एक पंच चिडले.

"बाप्याच्या डोक्यावर बांधता तशीच! काऊन, घसरते का?"

कोणी हसलं नाही. शेवटी म्हातारे पुजारी म्हणाले, "देवानं तं मनाई केली नाही गा," आणि त्यांनीच ती माझ्या डोक्यावर बांधली. मी खाली मान घालून बसले होते. तू मात्र ताठ उभी!

त्यानंतर दादा रागानं नागपूरला निघून गेला. किती दिवाळ्या आला नाही! सासरचे तुझ्याशी धड बोलेनात. यातलं तेव्हा मला का गं काही कळू दिलं नाहीस? मी स्वतः गेले असते त्याला आणायला.

एकदा तलावाच्या पाळीवर बसून मी विचारलं होतं, "आत्या, पगडी तुले भेटाले पायजे होती, असं नाही वाटलं कधी?"

"वाटलं ना. दर दसऱ्याले वाटलं." मग पाण्याकडे बघत म्हणालीस, "तुले तसं वाटत राहू नये, म्हणून तं उठली."

दादा आला, आत्या. तुला खांदा द्यायला आला. परतताना माझा हात धरून म्हणाला, "आई बरोबर होती." तुझ्या कानांनी ऐकायला हवं होतंस!

आता ऐक. माझ्या मैनाच्या पाठीवर उन्हाळ्यात मुलगा झाला. पाळण्यापाशीच पंच म्हणाले, "चला, वारस आला!" मैना तिथंच उभी होती. रात्री तिनं विचारलं, "आई, मग मी कोण?"

उद्या पगडी बांधायच्या आधी मी सगळ्या गावांसमोर सांगणार आहे: माझ्यानंतर मैना. आणि पुढेही थोरलं मूल, मुलगा असो की मुलगी. कितीही आरडाओरडा झाला तरी मी खाली बसणार नाही. हा माझा शब्द.

तुझीच भाची,
सुमन