वर कोणी राहत नाही

तीर्थरूप ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे ठोंब्याचा, साष्टांग नमस्कार. (खरोखर घातला तर उठवायला माणसं बोलवावी लागतात, म्हणून मनातल्या मनात घातला आहे. तू तो पोचला असं समज.) आम्ही इकडे सगळे, म्हणजे मी आणि ही, ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालेला गुडघा आता गप्प आहे आणि न झालेलाच कुरकुरतो, असं तू म्हणालीस, ते ऐकून मला आपल्या लहानपणाची आठवण झाली. आपल्या घरीही आई एकाला जवळ घ्यायची आणि दुसऱ्याच्या पोटात दुखायला लागायचं. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, मला कळतं. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला जे सांगायचं आहे त्याला बरीच पुरी वाक्यं लागणार आहेत.

विषय तू पाठवलेल्या एसीचा आहे. उन्हाळ्यात विश्रांतीला तुझ्याकडे येईन, पण तुझ्या त्या भट्टीत नाही, आधी एसी बसव मग मी पाऊल ठेवते, असं तू बजावलंस आणि आम्ही हो-नाही म्हणायच्या आत खोकं दारात हजर. बसवायला आलेला माणूस मागच्या खिडकीतून डक्टमध्ये उतरला. (डक्ट म्हणजे आमच्या इमारतीच्या पाठीमागची ती अरुंद, विहिरीसारखी जागा. तळाशी अंधार, वर चौकोनी आकाश आणि मध्ये सगळ्यांच्या मागच्या खिडक्या.) कमरेला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक त्याने माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, काका, घट्ट धरा. मी इतकं घट्ट धरलं की काम संपवून तो आत आला, चहा प्यायला, तरी मी दोर सोडायला तयार नव्हतो.

त्यानंतर, ताई, आम्ही जे सुख भोगलं त्याचं वर्णन करताना लाज वाटते. तीन खोल्यांच्या घरातले आम्ही दोघं एका खोलीत राहायला आलो. भाजी निवडणं पलंगावर, इस्त्री पलंगावर, भांडण तर आधीपासून पलंगावरच होतं. मला गार वाजायला लागलं म्हणून मी स्वेटर घातला, मग स्वेटरमध्ये उकडायला लागलं म्हणून एसी आणखी गार केला. ही म्हणाली, तुम्हाला नक्की काय हवंय? मी म्हटलं, सुख. माणसाला सुख पचत नाही म्हणतात ते खोटं आहे. पचतं, पण ते कोणाच्या ताटातलं आहे हे खाताना विचारायचं नसतं.

आमच्या वरच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर टेलरकाकू राहतात, हे तुला ठाऊक आहे. मागच्या वेळी तुझ्या ब्लाउजची बाही त्यांनीच सैल केली होती. एकट्या असतात आणि त्यांचं शिलाई मशीन त्या डक्टच्या खिडकीशीच ठेवतात, कारण उजेड तिथेच येतो. त्या मशीनची घरघर आमच्या घरात दुपारभर असायची. इतकी वर्षं ऐकून आम्हाला ती ऐकूच येत नव्हती, पण थांबली तेव्हा मात्र ऐकू आली. मी म्हटलं, काम कमी झालं असेल. (दुसऱ्याबद्दल आपण किती चटकन अंदाज बांधतो बघ, विशेषतः त्यात आपला दोष नसेल असा.) मग ही माझी पँट आखूड करायला घेऊन वर गेली. टेलरकाकू शिलाई मशीन जिन्याच्या कठड्याशी, उघड्या मधल्या जागेत आणून, पदराने मान पुसत शिवत बसल्या होत्या. घरात का नाही, असं हिने विचारलं तर म्हणाल्या, “अहो, तुमचा एसी नवा आहे ना, त्याचा वाराही नवाकोरा. जुन्यांपेक्षा जोरात येतो. खिडकी लावून घेतली तर दोऱ्यात सुई आहे की सुईत दोरा ते दिसत नाही.” वर तक्रार नाही, काही नाही. उलट म्हणाल्या, तुमच्या वन्सं यायच्या आहेत, त्यांना गारवा हवाच. आणि शिवत काय होत्या? तुझा गाऊन. गुडघ्याला पट्टा बांधता यावा म्हणून बाजूने उघडा ठेवायचा, तो.

ही खाली आली आणि काही न बोलता तिने एसी बंद केला. ताई, ही बोलते तेव्हा मला भीती वाटत नाही.

आता तुला माहीत आहे, मी नोकरीभर पाणीपुरवठ्याचे नकाशे काढले. पाणी कुठून येतं, कुठे जातं, हे बाण काढून दाखवायचं, एवढीच विद्या माझ्यापाशी. ती मी या गरम वाऱ्याला लावली. आम्हाला एसी का हवासा वाटला? तू म्हणालीस म्हणून, हे खरंच; पण आमच्या घराची भट्टी कशाने झाली होती? खालच्या मजल्यावरचं ते जोडपं घरी बसून कंप्यूटरवर काम करतं, त्यांच्या एसीचा बाहेरचा डबा आमच्या खिडकीच्या बरोबर खाली. त्यांना विचारलं तर म्हणाले, आम्ही कुठे घेणार होतो, पण खालच्या वकिलांच्या एसीने आमची खोली तापायला लागली. वकिलांनी तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे बोट दाखवलं. म्हणजे प्रत्येकाने खालच्याची गरमी टाळायला एसी घेतला आणि आपली त्यात घालून वरच्याला पाठवली. सगळ्यांची मिळून जी काय वाफ झाली ती टेलरकाकूंच्या खिडकीत.

मी मोठ्या कागदावर इमारतीचा उभा छेद काढला, लाल बाणांसह, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, दातांच्या चित्राशेजारी चिकटवून सगळ्यांची सभा भरवली. चित्र उत्तम झालं होतं. (बाणांना छायाप्रकाश दिला होता.) पण गंमत अशी झाली की प्रत्येकाला आपल्या खिडकीत येणारा बाण लगेच दिसला आणि आपल्या खिडकीतून जाणारा एकालाही दिसला नाही. वकील म्हणाले, सुरुवात खालून व्हावी. जोडप्यातली मुलगी म्हणाली, काका, आम्ही एकट्यांनी बंद करून जगाचं तापमान कितीसं उतरणार? तिच्या नवऱ्याने मान डोलावली, ती कोणाच्या बाजूने ते कळलं नाही. टेलरकाकू मागे बसून कोणाच्या तरी शर्टाला बटण लावत होत्या, त्यांनी मानच वर केली नाही.

मग मी मोर्चा डॉक्टरांकडे वळवला. तुमच्या खाली तर कोणी नाही, तुम्हाला कोण तापवतं, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. ते बिचारे सौम्य आहेत. (लोकांच्या तोंडात दोन्ही हात घालायचे तर सौम्य राहावंच लागतं.) म्हणाले, मला खरं तर एसी नकोच होता, रस्त्याकडची खिडकी उघडली की छान वारा येतो. पण रोज सकाळी एक गाडी अगदी खिडकीखाली चालू ठेवून उभी असते, तिचा धूर थेट खुर्चीवरच्या पेशंटच्या उघड्या तोंडात जातो, म्हणून ती खिडकी कायमची बंद केली. मी संतापलो. कोण हा बेजबाबदार माणूस, म्हटलं, नाव सांगा, नकाशात घालतो. हिने मला कोपराने ढोसलं, पण मी कुठला थांबतोय! डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाले, “काका, ती तुमची गाडी.”

झालं असं, ताई, की आम्ही रोज सकाळी बागेत चालायला गाडीने जातो. बाग लांब आहे असं नाही. पण चालायला जायचं तर ताजंतवानं पोचावं, असा माझा विचार. ही दार लावते, मग गॅस बंद केला का ते बघायला पुन्हा वर जाते, मग दार लावलं का ते बघायला. तोवर मी गाडी सुरू ठेवून रेडिओ ऐकतो. म्हणजे माझ्याच धुराने डॉक्टरांची खिडकी बंद, त्यांच्या एसीने वकील तापले, वकिलांनी जोडपं तापवलं, जोडप्याने मला, आणि मी टेलरकाकूंना, ज्यांचा या सगळ्याशी काही संबंध नाही. जिथून निघालो तिथेच फिरून आलो. सभा आपोआप संपली. नकाशा मी गुंडाळून घेतला. कोणी मागितलाही नाही.

तेव्हापासून आम्ही बागेत चालत जातो. पोचेपर्यंत चालणं होऊन जातं, म्हणून फाटकाला हात लावून परत येतो. डॉक्टरांनी ती खिडकी उघडली आहे आणि सकाळी तरी त्यांचा डबा बंद असतो. वकिलांकडेही थोडा फरक पडला असावा, पण ते कबूल करत नाहीत. जोडप्याचा अजून दिवसभर घुमतो. मी त्यांना काही म्हणत नाही, कारण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे मी नुकतंच भर सभेत सिद्ध करून दाखवलं आहे. पण त्या मुलीच्या सभेतल्या प्रश्नाचा विचार मात्र डोक्यातून जात नाही. मी एकट्याने बंद करून जगाचं काय होणार? खरं सांगू, मला माहीत नाही. जग मोठं आहे, माझ्या कागदावर मावत नाही. पण माझा गरम वारा कोणाच्या खिडकीत जातो हे आता मला माहीत झालं आहे, आणि ते माहीत असताना गार खोलीत पडून राहणं मला जमत नाही. प्रयत्न केला, जमलं नाही.

तेव्हा ताई, तुझ्या मायेच्या एसीचं मी हे असं करून ठेवलं आहे. तू रागावशील. रागाव, पण येऊन रागाव. एका घरात सलग राहून आपल्याला किती वर्षं झाली! लग्नकार्यात भेटतो तेव्हा तू वाढत असतेस आणि मी चपला शोधत असतो. आता दोघांचे मिळून चारच गुडघे, त्यातला एक नवा. ही विश्रांती तू माझ्याकडे घ्यावीस, एवढीच इच्छा आहे. एसीपायी यायचं रद्द करू नकोस.

तुझा,
ठोंब्या

ता. क. : मुख्य गोष्ट लिहायची राहिली. एसी आता आमच्याकडे नाही. त्याच दोरवाल्या माणसाला बोलावून तो वर टेलरकाकूंच्या आतल्या खोलीत बसवला आहे, बाहेरचा डबा त्यांच्या खिडकीच्याही वर, म्हणजे त्याचा वारा कोणाच्याच खिडकीत जाणार नाही. तुझी झोपायची सोय तिथे केली आहे, जेवायला खाली आमच्याकडे, लिफ्ट आहे. तू घोरतेस हे काकूंना आधीच सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, शिलाई मशीनपुढे काय ऐकू येणार! आमचा डबा खालून हलल्यापासून त्या पुन्हा खिडकीशी बसतात आणि एसी स्वतः लावत नाहीत, तुझ्यासाठी झाकून ठेवला आहे. तेवढं हो म्हण. आणि तुझ्या चिरंजीवांना यातलं काही कळू देऊ नकोस, नाहीतर ते तुला पाठवायचे नाहीत.

ता. क. २ : बसवताना तो माणूस खुशीत म्हणाला, काका, जागा झकास आहे, वर कोणी राहत नाही. मीही मान डोलावली. पण नंतर मी डक्टमधून वर बघितलं तर ते चौकोनी आकाश दिसलं, आणि नकाशात आमचा शेवटचा बाण तिथे टोक करून सोडलेला आहे हे आठवलं. पहिला एसी लावताना डॉक्टरांनाही बहुधा असंच वाटलं असेल, की वारा मोकळ्यावर जातो. म्हणून तू आलीस की अगदी उकाड्याच्या वेळीच लावू. चालेल ना?

ता. क. ३ : वन्सं, नमस्कार. हे मी लिहिते आहे. यांचं सगळं खरं आहे, फक्त एक सांगायचं यांनी टाळलं. हे पत्र यांनी काकूंकडे एसीखाली बसून लिहिलं आहे. घामाने अक्षर फिसकटतं म्हणे. पत्र संपलं की लगेच बंद करायचा, असं मी बजावलं होतं, म्हणून ते इतकं लांबलं. काकूंनी तुमच्या गाऊनला खिसाही लावला आहे. तुम्ही नक्की या. हे अजून चौथ्या ताज्या कलमाचा विचार करत बसले आहेत, म्हणून पत्र मीच संपवते.