गुंडाळता न येणारी गादी

मी, धैर्यशील बाबुराव सूर्यवंशी, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसाय केंद्र सरकारची नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी विनोदी लेखन, मूळ जिल्हा सातारा, हल्ली मुक्काम गोमती नगर, लखनौ, मालमत्तेकडे वळण्यापूर्वी एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर एकट्या माणसाला गादीवर घालता येत नाही. तिसरा कोपरा बसवला की पहिला सुटतो. पहिल्याकडे धावावं तर चौथा हसतो. गेले चौदा महिने मी दर रविवारी पलंगाला प्रदक्षिणा घालतो आहे आणि पुण्य शून्य. अशा वस्तूवर सरकारने ‘दोन माणसांसाठी’ असा शिक्का मारायला हवा.

बाकी माझं डोकं ठिकाणावर आहे. रक्तदाब गोळीने ताब्यात आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणू शकणारी एकच व्यक्ती होती, तिने ते कधी आणलं नाही, आणि तोच या दस्तऐवजाचा विषय आहे.

कलम १. गोमती नगरचा फ्लॅट, त्यातल्या सामानासह, माझी एकुलती एक मुलगी रुचा हिला. ती नोएडात नोकरी करते. चौदा महिने ती माझ्याशी बोललेली नाही. वकीलसाहेब म्हणाले, वसीयत, म्हणजे हे मृत्युपत्र, हिंदीत लिहा, बिटियाला वाचायला सोपी जाईल. मी मुद्दाम मराठीत लिहितो आहे. तिला मराठी समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. वाचायला लागली की एकेका शब्दावर थांबते. मला तिने थांबत थांबतच वाचायला हवं आहे.

कलम २. माझा भविष्यनिर्वाह निधी, मुदत ठेवी आणि बँकेतली शिल्लक, सर्व रुचाला. अट एकच. त्यातून पहिला खर्च तिने स्वतःसाठी चांगली गादी घेण्यावर करावा. दुकानात गादी हाताने दाबून बघू नये, हाताला कंबर नसते. चप्पल काढावी, आपण रोज झोपतो त्याच कुशीवर पंधरा मिनिटं पडून राहावं आणि लोक बघतात म्हणून उठू नये. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि नितंब थोडे आत जायला हवेत. फार कडक गादी त्यांना वर ढकलते आणि कंबर मधे लोंबकळते. हे ज्ञान मला फार उशिरा झालं. कसं, ते पुढे येईल.

कलम ३. कापसाची जुनी गादी आणि खाकी होल्डॉल माझा धाकटा भाऊ गजेंद्र, राहणार सातारा, यास. त्याला त्या गादीचा फार अभिमान आहे, तेव्हा त्याने तिच्यावर झोपावं. रोज.

आमचे वडील सुभेदार बाबुराव. फौजेत तेवीस वर्षांत अकरा बदल्या. त्यांचा घरातला एक नियम होता: जे गुंडाळता येत नाही, ते आपलं नाही. कापसाची गादी होल्डॉलमध्ये बसते, ट्रकमधून जाते, नव्या क्वार्टरमध्ये पसरली की घर झालं. मलाही बदलीची नोकरी लागली आणि नियम वारसाहक्काने आला. २००६ साली आम्ही लखनौला तीन वर्षांसाठी आलो. वीस वर्षं झाली.

माझी बायको नेत्रा. तिची कंबर २०१४ पासून दुखायची. ती म्हणाली, “अहो, जरा बरी गादी घेऊया का?” मी म्हणालो, “पोस्टिंग पक्कं होऊ दे.” पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, “ती जाडजूड गादी उद्या ट्रकमध्ये उभी नेणार की आडवी?” दर नोव्हेंबरात धुनिया बोलावून आम्ही कापूस पिंजून घ्यायचो. दोन महिने गादी सपाट, मग पुन्हा गोळे. फ्लॅट घेतला तेव्हा तिने फक्त माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “फ्लॅट भाड्याने देता येतो गं. बदली काय, कधीही होते.”

कलम ४. माझं सर्व लेखन रुचाला, पण इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेत छापलेला ‘कंबर: एक कायमस्वरूपी पद’ हा लेख पुन्हा कुठेही छापू नये. लखनौतल्या मराठी मंडळींना तो फार आवडला होता. गणपतीत वाचला तेव्हा निरंजन देशपांडे, आमचे शेजारी, रेल्वेत इंजिनिअर, हसता हसता खुर्चीवरून घसरले. विनोद असा की आमच्या घरात सगळं बदलीचं आहे, पर्मनंट फक्त बायकोचं दुखणं. छापण्याआधी तो नेत्रानेच तपासला होता. तिने शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या आणि झोपायला गेली. म्हणजे आडवी पडायला.

कलम ५. हे कलम देण्याघेण्याचं नाही. तरी असू द्यावं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत नेत्रा गेली. सकाळी, स्वयंपाकघरात, हृदय बंद पडून. डॉक्टर म्हणाले, कंबरेचा याच्याशी काही संबंध नाही. मी विचारलं नव्हतं. संबंध असता तर बरं झालं असतं, निदान मी कशाचा तरी गुन्हेगार ठरलो असतो. अकरा वर्षं एका बाईला नीट झोप मिळाली नाही, एवढ्यावर कोणतंच कलम लागत नाही.

तेराव्याला शय्यादान असतं. गेलेल्याला पुढच्या प्रवासात आराम मिळावा म्हणून गुरुजींना पलंग, गादी, उशी, चादर, छत्री, चपला द्यायच्या. पूजेच्या सामानाच्या दुकानात तयार संच मिळतो, त्यातली गादी पापडाएवढी. गजेंद्र म्हणाला, “दादा, संच घे. नाहीतरी ते विकणारच.” मी ऑटो केली आणि चिनहटला गाद्यांच्या मोठ्या दुकानात गेलो.

विक्रेत्या मुलाचं नाव विपुल. त्याने विचारलं, “किसके लिए, सर?”

“मॅडमसाठी,” मी म्हणालो. तो मराठीवर हसला नाही.

“वज़न? करवट से सोती हैं या सीधी? दर्द कहाँ है?”

मी सगळं सांगितलं. अठ्ठावन्न किलो. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. दुखणं उजवीकडून खाली मांडीपर्यंत. मला इतकं माहीत होतं हे मला माहीत नव्हतं. मी ‘ऑर्थो’ लिहिलेली गादी दाखवली तर म्हणाला, “सर, ऑर्थो तो कवर पर लिखा होता है, कमर पर थोड़ी। मैडम को मीडियम दीजिए, लेटेक्स वाला। मेमरी फोम लखनऊ की गर्मी में तपेगा। एक बार मैडम को ले आइए, लेटकर देख लें।”

“त्या येऊ शकत नाहीत,” मी म्हणालो, आणि तिच्या वतीने मीच पडलो. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी.

डोळे उघडले तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. विपुलने माझ्या बाजूचे दिवे बंद केले होते. मी ती गादी घेतली. तिच्यावर ही इलॅस्टिकची चादर फुकट होती. गुरुजींच्या यादीत पांढरी, साधी होती, म्हणून ही घरी राहिली. आठ इंची गादीची चादर चार इंची कापसावर टिकत नाही, एवढंच त्या तक्रारीचं मूळ.

तेराव्याला हॉलमध्ये गादी मांडली. रुचाने तिच्यावर हात ठेवला. दाबला. मग सगळ्यांसमोर म्हणाली, “बाबा, मम्मी को ये एक रात के लिए भी मिला था?”

मला शांतता सहन होत नाही, मी आयुष्यभर तिच्यावर विनोद टाकत आलो. मी म्हणालो, “आता तिची बदली पक्की झाली ना, म्हणून घेतली.”

गजेंद्र हसला. रुचाने बॅग उचलली आणि स्टेशनवर गेली.

कलम ६. माझं शय्यादान करू नये.

कलम २ बाबत दुरुस्ती. वरील मसुदा वकीलसाहेबांना वाचून, अर्थ हिंदीत सांगितला. हज़रतगंजच्या त्यांच्या ऑफिसात त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि अदबीने म्हणाले, “सूर्यवंशी साहब, अल्लाह आपको सलामत रखे, इसमें तो पच्चीस साल भी लग सकते हैं। तब तक बिटिया किस पर सोएँगी?”

घरी येऊन रुचाच्या रूममेटला, पूर्वाला, फोन केला. ती म्हणाली, “अंकल, ज़मीन पर योगा मैट बिछाती है। कमर पकड़कर उठती है। बोलो तो कहती है, फ्लैट बदलना ही है, अभी गद्दा कौन ढोएगा।”

सुभेदार बाबुरावांचा नियम नोएडापर्यंत गुंडाळून गेला होता. आणि मी पुन्हा एकदा मरणानंतरची गादी देत होतो.

मग मी रुचाला फोन लावला. चौथ्या रिंगला तिने उचलला. माझ्या जिभेवर एक विनोद आला होता, बरा होता, तो गिळला.

“रुचा, तू कुठल्या कुशीवर झोपतेस?”

“ये क्या सवाल है?”

“दुकानात विचारतात.”

“दाईं,” ती म्हणाली. मग, “आपको नहीं पता था?”

“नाही. आईचं माहीत होतं. आणि तिला ती गादी एकही रात्र मिळाली नाही. तू विचारलं होतंस. चूक माझी होती, बदलीची नव्हती.”

नाक ओढल्याचा आवाज आला. मग एकदम ऑफिसातल्यासारखी म्हणाली, “बाबा, डिलीवरी इतवार को रखवाना। बाकी दिन कोई घर पे नहीं होता।” आणि फोन ठेवला.

सबब कलम २ मधली गादीची अट खोडली आहे. खाडाखोडीवर माझी व साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. बाकी मृत्युपत्र कायम.

लिहून ठेवणार: धैर्यशील बाबुराव सूर्यवंशी (सही)

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही, चहा सोडून:
१. निरंजन देशपांडे (सही)
२. मधुमती निरंजन देशपांडे (सही)

स्थळ: लखनौ
दिनांक: १९ एप्रिल २०२६, रविवार

खोडलेल्या अटीबाबत शेरा: मध्यम, लेटेक्स, उजव्या कुशीसाठी. नोएडाला आज पोचली. रुचा सूर्यवंशी हिने सही करून घेतली.