सर्वांनी मिळून घरी जाण्याचं कलम

तारावा, रविवार, प्रार्थनेनंतर

नारिकेलवृक्षारोहणनिपुण, प्रातःकालीनमाडीविशारद, माझ्या पत्नीचे एकुलते एक बंधू कौराबी यांस त्यांच्या बिरिबो दाजींचा सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? तुझी बहीण म्हणते, माडावर चढताना दुखत नाही आणि बाबाई अळूच्या कंदांचा खड्डा खणतानाच दुखतो, असा गुडघा वैद्याला दाखवण्यात अर्थ नाही. मी तुझीच बाजू घेतली. इकडे सर्व क्षेम आहे, एवढंच की मी आता खासदार नाही. रेडिओवर ऐकलं असशीलच; पण रेडिओ निकाल सांगतो, रसग्रहण करत नाही, म्हणून हे पत्र.

सरकारनं आपल्या बेटाचं जहाज बंद केलं आणि खोबऱ्याची पोती गोदामात कुजू लागली, तेव्हा मी गावच्या मनेबात, सभेच्या त्या मोठ्या छपराखाली, सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर शब्द दिला होता, की जहाज सुरू झालं नाही तर हे सरकार पाडीन. (पोटभर जेवल्यावर दिलेला शब्द असला, तरी शब्दच.) तशात विरोधी बाकांवरचे तेन ताकेउता (सभागृहात आदरार्थी 'तेन' लावल्याशिवाय कुणाचं नाव घेत नाहीत) अविश्वासाचा ठराव घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "दादा, सही करा. मंजूर काही होत नाही." मी विचारलं, मग मांडायचा कशाला? "मांडला म्हणजे आपण रागावलोय हे दिसतं." आणि झालाच मंजूर तर? त्यावर ते मनापासून हसले. "तेवढे हात कुठून येणार? कलम सगळ्यांनी वाचलंय."

ते कलम खरोखर वाचण्यासारखं आहे. घटना लिहिणाऱ्या आपल्या थोरांनी असं ठरवून ठेवलंय, की संसदेनं राष्ट्राध्यक्षावर अविश्वास दाखवला की राष्ट्राध्यक्ष जातो, आणि त्याच क्षणी संसदही विसर्जित होते. म्हणजे त्याला घालवणारे जातात, वाचवू पाहणारे जातात, आणि (ही संख्या कमी नसते) झोपलेलेही जातात. इतर देशांत सरकार पाडणारे दुसऱ्या दिवशी मंत्री होतात म्हणे. आपल्याकडे ते मतदार होतात. सूत्रकारांनाही हेवा वाटावा इतकी आटोपशीर रचना. लिहिणाऱ्यांनी आपल्याला फार जवळून पाहिलं असणार.

तर मतदान. सभापतींनी अनुकूल असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. मी केला. दुसरा कोणीच करेना. ताकेउता कुजबुजले, "दादा, दिसला सगळ्यांना, घ्या आता खाली." म्हटलं, शब्द दिलाय. आता आपल्या लोकांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. मनेबात एखादा म्हातारा एकटाच नाचायला उठला, तर नाच येवो न येवो, चार जण उठून त्याच्या शेजारी उभे राहतात, कारण माणसाला असं एकटं ठेवणं बरं दिसत नाही. माझा हात तसाच एकटा होता. आधी मागच्या बाकावरून एक हात आला, मग दोन, मग बाकंच्या बाकं, मग ताकेउतांचा (चेहरा हाताच्या विरोधात होता). शेवटी सरकारपक्षाचे तेन रुआतू, जे आयुष्यात कधी कुणाच्या आधी दारातून आत गेले नाहीत, त्यांनी सभोवार नजर टाकली आणि केवळ सभ्यपणामुळे हात उचलला. तेवढ्यानं बहुमत झालं. टाळ्या पडल्या, आणि त्या पडत असतानाच वाजवणाऱ्यांच्या ध्यानात आलं की आता आपण प्रेक्षक आहोत.

सभापती खासदार नसल्यामुळे सबंध सभागृहात तेवढे एकटे नोकरीवर राहिले. नवा राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत ते, सरन्यायाधीश आणि लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष असे तिघं देश चालवतात. माजी राष्ट्राध्यक्ष बाहेर भेटले. "बिरिबो, चल सोडतो म्हणालो असतो, पण गाडीही गेली." आम्ही एकाच बसनं घरी आलो. त्यांनी मला खिडकी दिली. तुझी बहीण म्हणाली, "हात वर केलात? बरं केलंत. आता दोन्ही खाली करा आणि मासे साफ करा."

आणि आता खरी गंमत. संसद गेली म्हणजे निवडणूक आली, निवडणूक म्हणजे बेटोबेटी मतपेट्या, आणि मतपेट्यांना पोहता येत नाही. तिघांच्या मंडळाचा पहिलाच हुकूम जहाजाचा निघाला. मी सत्रभर भाषणं करून जे आणू शकलो नाही, ते कलमानं आणून दिलं. बुधवारी जहाज सुटतंय. पोती किनाऱ्यावर काढून ठेव.

तुझा,
बिरिबो

ता. क. एक मागणं आहे, बुबुतीच म्हण, आणि आप्तानं केलेली बुबुती नाकारता येत नाही हे मी तुला सांगायला नको. या खेपेला माझ्याविरुद्ध उभा राहू नकोस.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवतानाच विमानानं आलेली तुझी माडीची काकवी मिळाली, आणि तिच्याबरोबरची चिठ्ठी. त्यात तुझी बुबुती आहे की यंदा मी उभं राहू नये. तुझी चिठ्ठी आधी लिहिलेली, तेव्हा तीच खरी. राहत नाही उभा. तूच राहा, तुझ्या प्रचाराची भाषणंही लिहून देतो. तुझ्यानं ती व्हायची नाहीत. पण आता माझी नवी बुबुती ऐक, आणि हिच्या आड तुझी कुठलीच चिठ्ठी नाही. निवडून आलास आणि जहाज पुन्हा बंद झालं, तर हात वर करायचा. सगळ्यांत आधी, आणि एकटा असलास तरी.