गाडीखालचा चिरा

बाबा, आज मी गाडीखाली जांभ्या दगडाचा चिरा लावला. तू असतास तर एवढं ऐकूनच हातातला पाना फेकून मारला असतास, आणि मला तो लागायलाच हवा होता. साठी उलटलेल्या माणसाला बापाचा मार हवासा वाटावा, अशी आजची गत आहे.

गाडी म्हणजे फोंडाघाटच्या तुझ्या गॅरेजात घाट उतरून, ब्रेक जाळून यायचा तसला ट्रक नव्हे. ही कॅरॅव्हॅन, चाकांवरचं घर. आत पलंग, मोरी, गॅस, सगळं. ओरोसच्या कचेरीतून निवृत्त झालो आणि ही जुनी गाडी घेऊन तारकर्लीत, बायकोच्या माहेरच्या माडांच्या बागेत उभी केली, पर्यटकांना राहायला. लेक पुण्याहून सारखी म्हणते, दोघं इकडेच या. बायको तयार होती. मीच हट्ट धरला की एक वर्ष करून बघू. सगळा जन्म फायलींत गेला, बाबा. हाताने काहीतरी उभं केलं असं एकदा तरी म्हणता यावं, एवढीच हौस होती.

या गाडीला चार कोपऱ्यांना चार पाय असतात, तेलाच्या दाबाने खाली उतरणारे. वाळूत चाकं कशीही रुतली तरी पाय तिला सपाट धरतात. खाऱ्या वाऱ्याने पुढच्या एका पायाची दांडी गंजली, आतलं सील फाटलं आणि तेल ठिबकायला लागलं. संध्याकाळी सरळ केलेली गाडी सकाळपर्यंत त्या कोपऱ्यात बसायची. पाहुणे म्हणायचे, काका, झोपेत आम्ही भिंतीला जाऊन चिकटतो. बायको त्या पायाखाली करवंटी ठेवायची, भरली की ओतून यायची, बोलायची काही नाही. परवा मात्र बोलली, "ह्या खेपेक नीट झाला तर रवया. नाय तर मी लेकीकडे जातंय."

मेकॅनिक यायला महिना लावणार होता. मी नवा पाय मागवला. म्हटलं, आपण पोर कोणाचं! आज सकाळी गाडी जॅकवर उचलली. आता खाली टेकू हवा. बागेच्या कुंपणाचा गडगा घालायला आणलेले जांभ्याचे चिरे शेजारीच रचलेले होते. मिलमधून लाकूड आणायचं तर अर्धा दिवस गेला असता आणि पाहुणे उद्याच यायचे होते. मी चार चिरे एकावर एक रचले, गाडी त्यांवर टेकवली आणि जॅक काढून घेतला.

मी सोळा वर्षांचा आहे. ट्रकच्या एक्सलखाली चिरा सरकवतोय, तोच तू माझी मानगूट धरून मला बाहेर ओढतोस. त्या चिऱ्यावर पान्याचं टोक एकदाच आपटतोस, आणि त्याचा लाल भुगा माझ्या पायांवर पडतो. "चिरो घराक घालतत, गाडयेक न्हय. लाकूड मोडायच्या आधी करकरता, माणूस भायर पडता. चिरो काय सांगणा नाय." गॅरेजात सगळ्यांसमोर मला रडू आलं होतं.

चिऱ्याने आजही काही सांगितलं नाही. गंजलेले बोल्ट सोडवले, नळी काढली, जुना पाय उतरवला, नवा चढवला. तासभर माझं डोकं त्या गाडीखाली होतं. मग बाहेर येऊन पंप चालू केला, नळीतली हवा निघावी म्हणून. नवा पाय चकचकीत दांडी घेऊन खाली उतरला, वाळूवरच्या फळीला टेकला. मला फार आनंद झाला, बाबा. तुला सांगावंसं वाटलं. तेवढ्यात चिऱ्यांचा भुगा झाला. गाडी आडवी हेलपाटली आणि नव्या पायाची दांडी वाकली.

बायको घराच्या दारातच उभी होती. आधी तिने माझे हात पाहिले, दोन्ही शाबूत आहेत ना म्हणून. मग विचारलं, "तुमका लाकूड गावला नाय काय?" मी हातांवरचा भुगा पुसू लागलो. "आता पुरे झाला," ती म्हणाली. "मी जातंय. तुमी येवा, नाय तर रवा." त्यात राग नव्हता. आत तिची बॅग भरून झाली आहे. मी पाहुण्यांना फोन करून नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या पायाच्या दांडीवरही गंजाचे ठिपके दिसतात. आता ते पुसूनही उपयोग नाही.

तिला जे सांगता आलं नाही ते तुला लिहितो. हा कागद तरी कुठे जाणार आहे. मला नोकरी लागली तेव्हा तू फणसाच्या लाकडाचे चार ठोकळे गोणपाटात बांधून ओरोसच्या क्वार्टरवर घेऊन आलास, एसटीने, मांडीवर धरून. "गाडी कधीतरी येतली. तेवा उपयोगी पडतले." शेजारचे साहेब बघत होते आणि मला तुझी लाज वाटली. पुढच्या वेळी आलास तेव्हा पाणी प्यायच्या आधी विचारलंस, "ठोकळे खंय आसत रे?" मी म्हटलं, पोटमाळ्यावर. तू समाधानाने वर बघितलंस.

पोटमाळ्यावर काही नव्हतं, बाबा. त्या पावसाळ्यात सरपण भिजलं होतं, म्हणून चारही ठोकळे मी बंबात घातले होते. ठोकळे आणलेस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू आंघोळ केलीस ती त्यांवर तापलेल्या पाण्याने.