मिठाच्या पाण्यातलं बियाणं

पिंपळझरी, जि. भंडारा
१६ जुलै १९७८

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
विमलचा सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक आहे. आईचा खोकला कसा आहे? धानाच्या मिलमध्ये कोंडा उडतो तिथं तोंडाला पदर बांधत जा म्हणावं. ती काही ऐकणार नाही, पण सांगणं माझं काम. जवसाची चटणी केव्हाच संपली.

तुम्ही लिहिता, "बाई, तू शाळेचं लिहितेस, पोराइचं लिहितेस. पाणी कुठून आणतेस ते काहून लिहीत नाही? आता खरं लिहिलं नाही तर मी येतो अन् तुले सामानासकट घेऊन जातो." बाबा, तुम्ही फार चिवट आहात. सांगते. पण आधी शाळेचं ऐका, कारण पाण्याची गोष्ट त्यातच आहे.

सातवीला घनता शिकवायची होती. पुस्तकात समुद्र आणि बर्फाचे डोंगर. आमच्या पोरांनी समुद्र पाहिला नाही आणि बर्फ पाहिला तो गारा पडल्या तेवढाच. धान मात्र जन्मापासून पाहिलेलं. परहे टाकायचे, रोपांसाठी धान पेरायचे दिवस होते, म्हणून म्हटलं, घरून ओंजळभर बियाणं आणा. बादलीत पाणी घेतलं, त्यात ताजं अंडं सोडलं, ते तळाशी बसलं. मग मीठ विरघळवत गेलो तसं अंडं हळूहळू वर आलं. पोरांनी असा गलका केला की हेडमास्तर पुंडलिकराव धावत आले आणि शाळेत अंडं कशाला म्हणून माझ्यावरच डाफरले. त्या पाण्यात बी टाकलं की भरलेला दाणा बुडतो, पोचट तरंगतो. वरचं काढून टाकायचं, खालचं लगेच साध्या पाण्यानं चांगलं धुवायचं. धुतलं नाही तर मीठ बियाला मारतं.

आता पाण्याचं. शाळेजवळ विहीर आहे. तिथं मला कुणी कधी नाही म्हटलं नाही. मी दोराला हात घालायला गेले की कुंताबाई नाहीतर दुसरी कुणी पुढे येते. "राहू द्या बाई, तुमी शिकलेल्या, तुमी कायले दोर वढता? मी काढून देतो." आणि माझ्या पितळी गुंडात वरून पाणी ओतते. तोवर बाकीच्या बायका आपापले गुंड जरा बाजूला सरकवतात. इतक्या गोड बोलण्यावर भांडायचं तरी कसं? वर्षभर मी त्या दोराला हात लावला नाही. तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुम्ही दुसऱ्याच दिवशी आला असता. आणि मला ही पोरं सोडून यायचं नव्हतं.

तर त्या दिवशी सातवीतल्या मंदानं ओंजळ म्हणता पायलीभर बी उचलून आणलं. तिची आजी मनकर्णाबाई, तिच्या धान्याच्या ढोलीतलं बियाणं अर्ध्या गावात जातं. त्याच दिवशी त्यांच्या धानाच्या बांधीत परहे टाकायचे होते. ढोली उणी दिसली तशी म्हातारी तरातरा शाळेत आली. पाहते तो तिचं बी बादलीत, आणि वर पोचट दाण्यांचा हा थर!

"हे माह्या घरचं हाये?" म्हणाली. मंदा माझ्या पाठीमागेच लपली.

मी म्हटलं, "आजी, वाईट काही नाही. बुडालं ते सोनं आहे. पण आता धुवायला हवं, आणि पाणी संपलं."

शिपाई मोहाडीला गेलेला. पोरांना विहिरीवर सोडायचं नाही हा शाळेचा नियम. म्हातारीनं कोपरापर्यंत हात बादलीत घातले होते, पोचट दाणे ओंजळीनं उपसून फेकत होती. मी उभीच. वर्षभराची सवय, दुसरी बादली हातात धरून कुणीतरी पाणी काढून द्यायची वाट पाहत होते! ती वर न पाहताच ओरडली, "अवं, उभी काहून आहेस? बी मरून राहिलं! जा, काढ पाणी!"

मी धावले. दोर सोडला, ओढला, पाणी ओतलं, पुन्हा सोडला. किती बादल्या काढल्या मोजल्या नाहीत. तळहात सोलले. ती धूत होती, मी पाणी घालत होते. शेवटचं पाणी निथळलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं, मग विहिरीकडे पाहिलं. विहिरीचं पाणी माझ्या हातानं आलं, ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं असावं. ओलं बी पदरात बांधलं, मंदाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि गेली.

रात्री मी खूप रडले, बाबा. दुःखानं नाही. राग होता, तो इतके दिवस मलाच ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले. कुंताबाई नेहमीप्रमाणे पुढे आली, "राहू द्या बाई, मी काढून देतो." मी म्हटलं, "नको. माझं मी काढते." आणि दोर मी धरला. बायकांनी गुंड सरकवले. मनकर्णाबाईचा गुंड तिथंच राहिला. माझ्या बादलीचे शिंतोडे त्यावर उडाले. तिनं ते पाहिलं, गुंड तसाच उचलून डोक्यावर घेतला आणि जाता जाता म्हणाली, "बाई, तुह्यावालं ते मिठाचं पाणी कसं करतात, माह्या सुनेले सांगशील. पुढच्या सालची गोष्ट हाये."

सगळं सुधारलं असं म्हणत नाही. कुंताबाई अजून तोंड फिरवते. पण मनकर्णाबाईच्या बांधीत परहे दाट आले आहेत, आणि दोर मी रोज ओढते. हात आता आईसारखे खरखरीत झालेत.

तुम्ही अवश्य या. सामान न्यायला नको, पाहुणे म्हणून या. आईलाही आणा.

तुमची, पुढच्या सालीही इथंच असणारी,
विमल