सिनेमाची शेवटची वीस मिनिटं

अण्णा, गेल्या तीन रविवारी घरात तीन सिनेमे पाहिले आणि तिन्ही वेळा तुमच्यावर चिडले. पहिल्या दोन वेळा जराशी, तिसऱ्या वेळी इतकी की तव्यावरची भाकरी करपली आणि आमच्या ह्यांनी विचारलं, "मनातल्या मनात भांडतीयेस कुणाशी?" काय सांगणार? बापाशी भांडतेय, आणि बाप जाऊन अकरा वर्षं झाली, असं सांगितलं असतं तर ते हसले असते. मी म्हटलं, कुणाशी नाही. मग त्यांनी करपलेली भाकरी निमूट खाल्ली, त्याचाही राग आला.

हे मंचरहून डीव्हीडी आणतात. एका चकतीत तीन सिनेमे असतात, मराठी, जुने, चित्र मधेच अडकतं आणि आवाज पुढं पळतो. पहिल्या सिनेमातली बाई ज्वारी काढत होती. अंगावर इस्त्रीचं लुगडं, नखाला रंग, आणि विळा असा धरलेला की दुसऱ्या मिनिटाला बोट जावं. मी म्हटलं, हिनं आयुष्यात ज्वारीचं एक ताट तरी आडवं केलंय का? हे म्हणाले, गप बघ की. दुसऱ्यात एक डॉक्टर वॉर्डात गाणं म्हणतो. पेशंटला सलाईन लावलेली, आणि बाटली पलंगाच्या खाली. रक्त उलटं चढेल की बाटलीत, एवढं तर मलाही कळतं. मी पुन्हा बोलले. ह्यांनी आवाज वाढवला. तेव्हा लक्षात आलं, ही जीभ तुमची आहे. "ह्यो गडी कधी नांगरामागं गेलाय का?" असं तुम्ही टीव्हीला विचारायचात, आणि एकही सिनेमा आम्हाला गुपचूप पाहू दिला नाहीत. माझी मुलं आता मी बसले की उठून जातात. तुमच्याकडून दुसरं काही घेतलं नाही, नेमकी ही खोड घेतली.

आपल्या आळीत टीव्ही पहिल्यांदा तुम्ही आणलात, ब्लॅक अँड व्हाईट, दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या लाकडी दाराचा. रविवारी चार वाजता सिनेमा लागायचा. पावणेचारलाच शेजारच्या बाया सूप घेऊन यायच्या, तांदूळ निवडत बसायच्या, कुणी मटार सोलायच्या. तुम्ही एकटेच खुर्चीवर, बाकी सगळं गाव खाली. आणि आपल्याकडची लाईट अशी की पहिला तास ठणठणीत, दुसरा तास ठणठणीत, आणि नेमकं सगळं उलगडायची वेळ आली की जायची. बाया हळहळायच्या. मग तुम्ही खुर्चीत सावरून बसायचात आणि म्हणायचात, "मी पायलाय ह्यो. सांगतो." तुम्ही तरुणपणी नारायणगावला जाऊन सगळे सिनेमे पाहिलेले, हे गावाला ठाऊक होतं. शेवट तुम्ही इतका चांगला सांगायचात की एकदा मधेच लाईट आली तर एक मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ते, तुमी सांगा." ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. तुमची मुलगी म्हणून मी त्या बायांमध्ये जरा ताठ बसायचे.

त्र्याण्णव साल होतं. आई जाऊन वर्ष झालं होतं, चूल माझ्याकडे होती. बारावीनंतर मी पुण्याला एका हॉस्पिटलच्या नर्सिंगच्या कोर्सला अर्ज केला होता. तो अर्ज तुम्हीच आळेफाट्याच्या पोस्टात टाकलात. इंटरव्ह्यूला मी एकटी जाऊन आले. नंबर लागल्याचं पत्र आलं, पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. तुम्ही पत्र दोनदा वाचलंत, घडी केलीत आणि देवळीत ठेवलंत. जा म्हणाला नाहीत. जाऊ नकोस, असंही म्हणाला नाहीत. रोज मी वाट पाहायचे. जेवताना पाहायचे, तुम्ही गोठ्यातून आत आलात की पाहायचे, आणि तुम्ही कांद्याचं रोप, बैलाचा खूर, विहिरीचं पाणी, सगळ्यावर बोलायचात. असा राग यायचा की हातातलं कालवण तुमच्या ताटाबाहेर सांडायचे मुद्दाम. तुम्ही बोटानं पुसून घ्यायचात.

आणि मग तो रविवार. सिनेमा एका शिलाई करणाऱ्या मुलीचा. घरी एकटा म्हातारा बाप. मुलीला शहरात काम लागतं. बाप आडवा येत नाही, पण बोलतही नाही. मी हातातला मटार तसाच धरून बघत होते. सगळ्या बायांना पत्राचं माहीत होतं, त्या एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होत्या. शेवटी मुलगी ट्रंक घेऊन स्टँडवर उभी राहते, लांबून गाडी वळण घेताना दिसते, आणि लाईट गेली. कुणी हळहळलंसुद्धा नाही. सगळ्या तुमच्याकडे वळल्या. तुम्ही खुर्चीत सावरून बसलात. मग तुमचं ते नेहमीचं, "मी पायलाय ह्यो."

तुम्ही सांगितलेलं मला अजून शब्दाशब्दाला आठवतं. "गाडी येती. ती पाय ठेवती पायरीवर. कंडक्टर म्हनतो, बाई, चढा नायतर उतरा. ती थबकती. मग उतरती. ट्रंक उचलती आन् चालत घरला येती. बाप ओट्यावर बसलेला आसतो. काय बोलत न्हाई. ती आत जाऊन चूल पेटवती. संपला." मावशींनी पदर डोळ्याला लावला. "लई चांगलं झालं बाय," त्या म्हणाल्या. "न्हाईतर म्हाताऱ्याचं कसं व्हायचं?" तुम्ही काळ्या पडलेल्या टीव्हीकडे बघत होतात. माझ्याकडे बघितलं नाहीत. मी उठले आणि चहा टाकला.

हजर व्हायची तारीख गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही आळेफाट्याला गेलात आणि पाच लिटरचा कुकर घेऊन आलात. खोकं चुलीपाशी ठेवलंत, एक शब्द न बोलता. इतकी वर्षं त्या कुकरचा अर्थ लावतेय मी. शाबासकी होती की माफी होती? की नुसता कुकर होता? आणि सगळ्यात चीड आणणारं पुढं आहे. दोन वर्षांनी तुम्ही मला अवसरीला देऊन टाकलंत. स्थळ चांगलं आहे म्हणालात. तेव्हा म्हाताऱ्याचं कसं व्हायचं, हे एकाही बाईनं विचारलं नाही, तुम्हीही नाही. पुण्याला गेले असते तर सुट्टीला तरी आले असते. सासरहून वर्षातून दोनदा यायचे, तेव्हा तुम्ही त्याच कुकरमध्ये तांदळाचा लगदा करून खात असायचात आणि शिट्ट्या मोजायला मला सांगायचात. मी मोजायचे. काय करणार?

तर तिसरा रविवार. ह्यांनी चकती घातली, नावं सुरू झाली, आणि शिलाईचं मशीन दिसल्याबरोबर मी ओळखलं. हे पंधरा मिनिटांत झोपले. मी दार लावून घेतलं. सिनेमा म्हणून सांगते, काही धड नाही हो. बापाची मिशी दर प्रसंगाला वेगळी आहे, मुलगी मशीन चालवते पण सुईत दोराच नाही, आणि गावात एकही शेळी नाही. तरी बसले. स्टँड आला, ट्रंक आली, गाडीनं वळण घेतलं. मी छताकडे बघितलं, आता लाईट जाणार म्हणून. गेली नाही. गाडी आली आणि ती मुलगी चढली, अण्णा. थबकली नाही. कंडक्टर काही बोललाच नाही. खिडकीत बसली, पदर डोक्यावरून घेतला आणि गाडी निघाली. नंतर बाप दाखवलाय, मशीनवर कापड झाकतो. मी ती वीस मिनिटं पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. दर वेळी ती जातेच.

खोटं बोललात, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी माहेरी जायचं निमित्त काढलं आणि आळेफाट्याला उतरले. तुमचे ते मित्र, ज्यांच्याबरोबर तुम्ही सिनेमाला जायचात, त्यांचं पंक्चरचं दुकान आता मुलगा बघतो, ते नुसते बाकावर बसलेले असतात. मला बघून चहा मागवला. मी सरळ विचारलं, अण्णांनी तो शिलाईवालीचा सिनेमा खरंच पाहिला होता का?

"पायला व्हता की. सोबतच व्हतो आमी," ते म्हणाले. "पर शेवट न्हाई पायला."

"म्हणजे?"

"कुठल्याच शिनिमाचा न्हाई पायला गं पोरी. आपल्या गावाची मुक्कामी गाडी पावनेनऊला. ती चुकली का नारायनगावापासनं पायी. शिनिमा सुटायचा नऊ वाजता. वीस मिंटं ऱ्हायली का आमी सगळे वाकून बाहेर."

तुम्ही, ते, गावातले यच्चयावत गडी, कुणीच एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता. आणि आम्ही बाया तुमच्या तोंडाकडे बघत बसायचो.

"मग शेवट यायचे कुठून?"

"गाडीत ठरायचं. तुझा बाप ठरवायचा. त्याला लई चांगलं जुळवता यायचं." ते हसले. "त्या शिलाईवालीवरनं तर आमचं भांडान झालं व्हतं. आठ दिस बोललो न्हाई. मी म्हनलो, ती उतरली आसंल. बापाला टाकून कशी जाईल? तुझा बाप म्हनला, न्हाई राव, ती गेली. जायलाच पायजे. तिथं ऱ्हाऊन काय करायचं तिनं? लई चिडला व्हता. तवा तू पाळन्यात व्हतीस."

माहेरी न जाता मी परतीची गाडी धरली. मंचरपर्यंत उभी होते, बसायला जागा असून.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पाहिलं नव्हतं तरी माहीत होतं. माझा पाळणा हलत होता तेव्हा तुम्ही त्या मुलीसाठी मित्राशी भांडलात, आणि मी अठरा वर्षांची होऊन पुढ्यात मटार सोलत बसले, तेव्हा तिला गाडीतून उतरवलंत. मित्राचा शेवट मला दिलात आणि तुमचा ठेवून घेतलात. हे आठवलं की अजून अंग पेटतं. विचारायला जावं तर तुम्ही नाही. भिंतीवर फोटो आहे, त्याच्याशी भांडून झालं, तोही टीव्हीकडेच बघत असल्यासारखा.

चार दिवस मी हे असंच घोळवत होते. मग पत्र लिहायला बसले, की सगळं एकदा मांडावं. आणि मांडायला बसल्यावर एक गोष्ट राहून जातेय, हे मला पहिल्या ओळीपासून कळत होतं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. इंटरव्ह्यूच्या दिवशी मला वॉर्डातून नेलं होतं. एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी सोडत होते. मी बाहेर आले आणि फाटकाशी ओकले. परतताना शिवाजीनगरच्या स्टँडवर कुठली गाडी कुठून लागते ते कळेना, तासभर रडत उभी होते. घरी येऊन तुम्हाला सांगितलं, छान झाला इंटरव्ह्यू. तेव्हापासून कुणीतरी मला अडवावं, म्हणून मी देवाला हात जोडत होते. तुम्ही ती उतरली म्हणालात ना, तेव्हा अंधाऱ्या माजघरात चहा टाकताना माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. पुढची पंधरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की माझ्या बापानं मला जाऊ दिलं नाही. ह्यांनाही, मुलांनाही.

मला जायचंच नव्हतं, अण्णा. पण तुम्ही एकदा तरी जा म्हणायला हवं होतं.